थंड नळीतलं इथिलीन

शनिवारी सकाळी अलकनंदा साळवी प्लांटवर पोचली तेव्हा रिअ‍ॅक्टर थंड पडला होता. पहाटे दोनला हीटर ट्रिप झाला होता. रात्रपाळीच्या धरमवीरने सगळं रीतसर केलं होतं. ऑक्सिजन आपोआप बंद झालाय ना ते पाहिलं, वहीत वेळ लिहिली, इलेक्ट्रिशियनला फोन केला. एकच गोष्ट त्याच्या नजरेतून निसटली होती. हीटर बंद पडला की इथेन थांबून त्याच्या जागी नायट्रोजन सुरू व्हायला हवा. तो व्हॉल्व्ह अडकला होता, आणि सकाळपर्यंत इथेन तसंच थंड नळीतून वाहत राहिलं होतं.

"मॅडम, गलती मेरी है," धरमवीर म्हणाला. "मैंने उधर देखा ही नहीं."

"कोई बात नहीं. जल ही तो गया ऊपर," ती म्हणाली. बाहेर पडणारा वायू वरच्या फ्लेअरमध्ये जळून जात असे. थोडं इथेन फुकट गेलं, एवढंच. अहवालात चार ओळी लिहायच्या आणि हीटर परत चढवायचा, असा विचार करत ती संगणकासमोर बसली.

गुरुग्रामच्या पलीकडे, मानेसरच्या वाटेवर कंपनीचं हे संशोधन केंद्र होतं. अलकनंदा इथे अकरा वर्षं होती आणि त्यातली आठ या एकाच नळीपायी गेली होती. इथेन हा वायू. त्यापासून इथिलीन करायचं, आणि इथिलीनपासून पुढे पिशव्या, पाइप, सलाइनच्या बाटल्या. सगळं जग हे काम भट्टीत करतं. इथेन वाफेबरोबर साडेआठशे अंशांवर तापलेल्या नळ्यांतून सेकंदभरात पळवायचं आणि बाहेर पडताक्षणी थंड करायचं. त्यासाठी प्रचंड इंधन जळतं, नळ्यांच्या आत काजळी धरते. अलकनंदाच्या गटाची रीत वेगळी होती. इथेनमध्ये मोजून ऑक्सिजन सोडायचा, ते एका खास कॅटॅलिस्टवरून, म्हणजे उत्प्रेरकावरून, न्यायचं, आणि पावणेचारशे अंशांत काम भागवायचं. रूपांतर झालेल्या इथेनच्या शंभर भागांपैकी एक्क्याण्णव भाग इथिलीन, असा त्यांचा तीन वर्षांचा आकडा होता. असा आकडा फार थोड्यांना जमला होता. सोमवारी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी कचेरीत समितीची बैठक होती. तिथे होकार मिळाला की पश्चिम किनाऱ्यावर मोठा प्लांट उभा राहणार होता.

बाहेर पडणाऱ्या वायूत काय काय आहे हे मोजणारं यंत्र, ज्याला सगळे जीसी म्हणत, दर पंधरा मिनिटांनी आपोआप नमुना घेई. अलकनंदाने रात्रीचे आकडे उघडले. दोनला इथिलीन छत्तीस टक्के, बाकी बहुतेक न बदललेलं इथेन. बरोबर, तेव्हा नळी तापलेली होती. चारला एकतीस. सहाला एकतीस. पावणेनऊला एकतीस.

तिने तापमानाचा रकाना पाहिला. सहा वाजता नळी एकशे दहा अंशांवर होती, पावणेनऊला बासष्टवर.

बासष्ट अंशांवर चहासुद्धा उकळत नाही. इथेनचं इथिलीन तर होणंच शक्य नव्हतं.

पहिल्यांदा तिला वाटलं, नळ्यांत जुना वायू अडकला असेल. पण सात तास ताजं इथेन वाहिल्यावर जुनं काय उरणार? मग वाटलं, जीसी बिघडलाय. तिने प्रमाणित वायू लावून जीसी तपासला; तो अगदी बरोबर वाचत होता. मग, जरा ओशाळतच, तिने एक पातळ नळी थेट इथेनच्या चालू सिलिंडरला जोडली. रिअ‍ॅक्टर नाही, कॅटॅलिस्ट नाही, नुसतं सिलिंडर ते जीसी. बारा मिनिटं ती पडद्यासमोर उभी राहिली. आलेखात इथेनच्या शेजारी दुसरं शिखर उगवलं आणि चढत गेलं.

इथिलीन, एकतीस टक्के.

सिलिंडरवर पुरवठादाराचं लेबल होतं: इथेन, साडेनव्व्याण्णव टक्के. शेडमध्ये सील न तोडलेली आणखी दोन सिलिंडरं होती. धरमवीरकडून तिने एकाचं सील तोडून घेतलं आणि तेही लावलं. त्यात इथिलीनचा मागमूस नव्हता.

म्हणजे पुरवठादाराकडून माल शुद्ध येत होता, आणि इथे आल्यावर, लाइनला लागण्याआधी, त्यात कोणीतरी इथिलीन भरत होतं. जे नळीत तयार व्हायला हवं, ते बाहेरून आत सोडलं जात होतं आणि दुसऱ्या टोकाला मोजलं जात होतं.

"धरमवीर, ये सिलिंडर लाइन पे कौन लगाता है?"

धरमवीरला प्रश्नाचंच नवल वाटलं. "रायकर साहब खुद लगाते हैं, मॅडम. तीन साल से. किसी को हाथ नहीं लगाने देते. बोलते हैं, लीकेज मैं अपने हाथ से चेक करूँगा."

हे तिलाही ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. श्यामकांत रायकर, गटाचे प्रमुख, साठी ओलांडलेले, दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये जाऊन स्वतः सिलिंडर जोडायचे. नव्या लोकांना अलकनंदाच कौतुकाने सांगायची, सुरक्षितता काय असते ते सरांकडून शिका.

ती शेडमध्ये खाली बसली. धरमवीरने पाणी आणून दिलं. प्यावं हे तिला सुचलं नाही; ग्लास हातातच राहिला.

जरा वेळाने ती उठली. दोन्ही सिलिंडरं बंद करून त्यांना नवी सिलं लावली, त्यावर स्वतःची आणि धरमवीरची सही घेतली, जीसीचे कागद छापून काढले. हात कामाला लागल्यावर डोकं थोडं चालू लागलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की खोटा आकडा ही यातली लहान गोष्ट होती.

जे इथेन इथिलीन होत नाही, ते ऑक्सिजनमध्ये पुरतं जळतं. आणि इथेन पुरतं जळताना, इथिलीन होताना सुटते त्याच्या तेरापट उष्णता सुटते. इथली नळी मनगटाएवढी, तिची उष्णता भिंतींतूनच निघून जायची, कोणाला काही कळायचं नाही. पण मोठ्या प्लांटमध्ये अशा हजारो नळ्या एकत्र बांधलेल्या असणार होत्या, आणि त्यांना गार ठेवायची सगळी योजना त्या एक्क्याण्णववर आखलेली होती. तो आकडा खोटा असेल तर त्या नळ्या पहिल्याच दिवशी हाताबाहेर तापल्या असत्या. तिथे माणसं असणार होती.

* * *

रायकर सर तिच्यासारखेच दिल्लीच्या द्वारका भागात राहत, तिच्या घरापासून दोन सेक्टर पलीकडे. तिने गाडी थेट तिकडे घातली. दुपारचे साडेतीन झाले होते. थंडीचे दिवस, बाल्कनीत ऊन आलं होतं, आणि सर खुर्चीत बसून मटार सोलत होते.

"ये अलका," ते म्हणाले. "कुसुम, बघ कोण आलंय. चहा टाक."

कुसुमावतीकाकू आतून "आले गं" म्हणाल्या. अलकनंदा समोरच्या स्टुलावर बसली.

"सर, रात्री हीटर गेला."

"धरमवीरचा मेसेज आला होता. चढला का परत?"

"रिअ‍ॅक्टर बासष्टवर आला होता. तरी इथिलीन एकतीस टक्के येत होतं."

सरांचे हात थांबले नाहीत. त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे परातीत टाकले. मग म्हणाले, "नायट्रोजनचा व्हॉल्व्ह अडकला असणार."

इतका वेळ अलकनंदाने मनात एक आशा धरून ठेवली होती. सर चकित होतील, कोणी केलं म्हणून चिडतील, उठून तिच्याबरोबर प्लांटवर येतील. पण ते चकित झालेच नाहीत. व्हॉल्व्ह कोणता अडकला, तेवढंच त्यांनी ओळखलं.

"म्हणजे तुम्हीच," ती म्हणाली.

काकू चहा ठेवून गेल्या.

"तुला खंडेरावचं सांगितलंय का मी कधी?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मी सत्ताविशीत होतो. क्रॅकरवर, इथिलीनच्या भट्टीवर नोकरीला. भट्टीला बघायची खिडकी असते, एवढीशी. नळ्या नीट तापल्यात का ते तिच्यातून बघायचं. माझी पाळी होती, पण मी वही भरत होतो, म्हणून खंडेराव बघायला गेला. आतून काजळी धरलेली एक नळी फुटली." ते थांबले. "खिडकीतून जाळ आला. मी सहा पावलांवर होतो. तेव्हापासून एकच डोक्यात, हे काम आगीशिवाय व्हायला हवं."

"आणि म्हणून तुम्ही भेसळ केलीत?"

"एका महिन्यापुरती. कॅटॅलिस्टची बाविसावी खेप फसली होती. वर ठरलं होतं, प्रकल्प बंद. तेविसावी खेप ओव्हनमध्ये होती आणि ती जमणार याची मला खात्री होती. म्हटलं, तोवर यांना थोपवून धरू."

"मग तेविसावी जमली नाही?"

"तिलाही तेच सिलिंडर लावलं." सरांनी परात बाजूला सरकवली. "एकदा नव्वदच्या वर दाखवलंस की दुसऱ्या महिन्यात साठ कसे दाखवणार? लोक विचारतात."

"मोठ्या प्लांटला काय सांगणार होतात? ती उष्णता कुठे जाणार होती, सर?"

"डिझाइनमध्ये कूलिंग वाढवून घेतलं असतं मी."

"तेरापट?"

उन्हात त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता. तिला त्यांचा राग यायला हवा होता. पण आत नुसता बधिरपणा होता, दातात इंजेक्शन दिल्यावर गालाला असतो तसा.

"सोमवारी मीच सांगतो," सर शेवटी म्हणाले. "समितीसमोर. माझ्या तोंडाने. तेवढं मला करू दे, अलका."

ती हो म्हणाली. अकरा वर्षांत त्यांनी तिच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. चहा तसाच ठेवून ती खाली उतरली.

* * *

रविवारी विश्वास, तिचा नवरा, चर्चमधल्या मराठी प्रार्थनेहून परतला तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. आदल्या संध्याकाळीच तिने त्याला सगळं सांगितलं होतं. विश्वास केंद्र सरकारच्या नोकरीत. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं: आजच लेखी कळव, संचालकांना मेल टाक.

"मी शब्द दिलाय, यार."

"ज्यांनी तीन वर्षं भेसळ केली त्यांना?"

बारा वर्षांची देविका सोफ्यावरून म्हणाली, "आई, भेसळ म्हणजे?"

"मिलावट," अलकनंदा म्हणाली.

"दूध में करते हैं वैसी?"

"हो. तशीच."

देविका परत मोबाइलमध्ये गेली. अलकनंदाने लॅपटॉप विश्वासकडे वळवला. सकाळपासून ती जुने कागद चाळत होती: आत जाणारा वायू तपासणं कधी बंद झालं, कोणी केलं? दिवसातून एकदा इथेनचा नमुना जीसीला लावायची पद्धत होती, हे तिला पक्कं आठवत होतं. आणि आता तो कागद समोर होता. तीन वर्षांपूर्वीचं टिपण. पुरवठादाराचं प्रमाणपत्र पुरेसं आहे, रोजच्या तपासणीत चाळीस मिनिटं जातात, ती बंद करावी. खाली सही: अलकनंदा साळवी.

विश्वासने ते दोनदा वाचलं. "हे तू लिहिलंस?"

"सर म्हणाले, तुझा वेळ वाचेल, तूच लिही. मला बरंच वाटलं." तिने सहीवर बोट ठेवलं. "मी न वाचता सही केलेली नाही. मीच लिहिलंय. मला पटलं होतं."

पेटंटच्या अर्जावर पहिलं नाव तिचं होतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीचा पुरस्कार तिला मिळाला होता. त्याचा फोटो हॉलमध्ये लावलेला होता. त्या भिंतीकडे तिला बघवेना.

* * *

सोमवारी अकरा वाजता बैठक सुरू झाली. समितीचे पाच जण, कंपनीचे संचालक, रायकर सर आणि ती. सर निळा कोट घालून आले होते. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. तिने पिशवीतल्या कागदांवर हात ठेवला आणि वाट पाहू लागली.

सर उभे राहिले आणि त्यांनी पहिलं चित्र लावलं. भट्टीतली पद्धत, तिचे तोटे. दुसरं चित्र, आपली पद्धत. तिसरं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच भारदस्त होता. चौथ्या चित्रावर मोठ्या अक्षरात एक्क्याण्णव लिहिलेलं होतं, आणि सर त्याविषयी बोलू लागले. तीन वर्षं, नऊ खेपा, प्रत्येक वेळी तोच आकडा.

अलकनंदाला वाटलं, आता थांबतील. या वाक्यानंतर. बरं, या चित्रानंतर. सर पुढच्या चित्रावर गेले.

शनिवारी सिलिंडरपाशी बसलेला धक्का तिला मोठा वाटला होता. त्यात निदान शंकेला जागा होती. आता परवा मटार सोलत कबुली देणारा तोच माणूस तिच्या डोळ्यांसमोर, तिला दिलेला शब्द गिळून, खणखणीत आवाजात खोटं बोलत होता आणि ती खुर्चीला खिळली होती. काय करायचं ते तिला ठाऊक होतं. उठता येत नव्हतं.

प्रश्नांची वेळ आली. अध्यक्षबाई निवृत्त वैज्ञानिक होत्या. त्यांनी चष्मा काढून साधाच प्रश्न विचारला. आत जाणारं इथेन शुद्ध आहे याची तपासणी कोण करतं?

रायकर सर अलकनंदाकडे वळले.

"ते साळवी मॅडम सांगतील," ते म्हणाले. "ती तपासणी बंद करण्याच्या टिपणावर सही त्यांची आहे."

हे त्यांनी का म्हटलं, ते अलकनंदाला पुढे कधीही कळलं नाही. जे त्यांच्या तोंडून निघत नव्हतं ते तिने बोलावं म्हणून तिला वाट करून दिली, की सगळं तिच्यावर ढकललं? त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पण त्या वाक्याने ती उठली.

"हो, सही माझी आहे," ती म्हणाली. "तपासणी बंद करायला नको होती. परवा मी ती पुन्हा केली. आमच्या चालू सिलिंडरमध्ये एकतीस टक्के इथिलीन आधीपासूनच मिसळलेलं आहे. रिअ‍ॅक्टर थंड असतानाही ते बाहेर येतं. हा एक्क्याण्णवचा आकडा खरा नाही. खरा किती, ते मला माहीत नाही. या आकड्यावर प्लांट बांधला तर तो पेटेल."

तिने कागद टेबलावरून पुढे सरकवले. संचालकांचं तोंड उघडंच राहिलं. अध्यक्षबाईंनी कागद घेतले, एकेक करून शेवटपर्यंत वाचले, आणि मग कोणाला काही न विचारता समोरची फाइल बंद केली.

"हे कोणी मिसळलं?" त्यांनी विचारलं.

अलकनंदाने सरांकडे पाहिलं. ते खाली बसले होते. कोटाचं बटण काढत, घालत होते.

"मी," रायकर सर म्हणाले. "एकट्याने."

* * *

चौकशी पाच महिने चालली. सरांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. फसवणुकीत अलकनंदाचा हात नव्हता हे मान्य झालं, पण टिपणाबद्दल ठपका बसला आणि तो तिने न भांडता घेतला. पुरस्कार तिने स्वतः परत केला. पेटंटचा अर्ज मागे घेतला गेला. गटातले सगळे दुसरीकडे पांगले. धरमवीर तेवढा तिच्याबरोबर राहिला, कारण चौकशी समितीला एक गोष्ट हवी होती: शुद्ध इथेन घालून, साक्षीदारांसमोर, रिअ‍ॅक्टर एकदा खरोखर चालवायचा.

तीन आठवडे तो चालला. रोज सकाळी आधी आत जाणाऱ्या वायूचा नमुना, मग बाहेर येणाऱ्याचा. आकडा स्थिर झाला तेव्हा अलकनंदाने तो अहवालात लिहिला आणि खाली सही केली.

एप्रिलमध्ये एका सकाळी द्वारकेच्या मेट्रो स्टेशनवर तिला रायकर सर दिसले. हातात औषधांची पिशवी, दाढी वाढलेली. टाळावं असं तिच्या मनात आलं, पण त्यांनीच तिला पाहिलं होतं. ते जिन्यापाशी थांबले. बोलणार काय, माफी मागतील की नाही, मागितली तर आपण काय म्हणायचं, असं सगळं तिच्या मनात एकदम दाटून आलं.

"अलका," ते म्हणाले, "खरा आकडा किती आला?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि ती त्यांच्याकडे बघतच राहिली. तीन वर्षांत, नऊ खेपांत, या माणसाने एकदाही शुद्ध इथेन लावून बघितलं नव्हतं. कोणाला न दाखवता, एकट्याने, एका दुपारीसुद्धा नाही. आपण काय लपवतोय हे त्यांना माहीतच नव्हतं.

"अडुसष्ट," ती म्हणाली.

"कोणत्या खेपेला?"

"शेवटच्या. एकतिसाव्या."

सरांनी जिन्याचा कठडा धरला. "बाविसावीला चौतीस होता," ते हळूच म्हणाले. "म्हणजे चढत होता."

"हो, सर. चढत होता."

फलाटावर गाडी आली, माणसं दोघांना वळसा घालून वर जाऊ लागली. सर तिथेच कठडा धरून उभे होते. अलकनंदाने त्यांच्या हातातून घसरणारी पिशवी घेतली, आणि त्यांना जिना चढता येईल का, असं विचारलं.